लोड घेऊ नका, काकू

माझं तरुणपण जरा उशिरानं आलं. लोकांना ते सतराव्या-अठराव्या वर्षी येतं. मला ते पन्नाशी उलटल्यावर, पडेगावहून शहरात जाणाऱ्या सिटी बसमध्ये खिडकीशी बसलेली असताना आलं. ज्या वयात यायला पाहिजे होतं त्या वयात मी करमाडकडच्या आमच्या गावातून लग्न होऊन इकडं आले, आणि मग सासू-सासरे, दोन लेकरं, यांच्या कंपनीच्या पाळ्या, पाळ्यांचे डबे या सगळ्यात ते कुठं सांडलं ते कळलंच नाही. पुढं मुलगा पुण्याला नोकरीला लागला, मुलगी सासरी गेली, हे रिटायर झाले, आणि घरात एकदम इतकी शांतता झाली की कुकरच्या शिट्टीनंसुद्धा दचकायला व्हायला लागलं. तेव्हा मी आधी बाहेरून परीक्षा देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी काढली आणि मग कुणाला फारसं न विचारता बी.ए.ला नाव घातलं. कॉलेजातलं पहिलं वर्ष मला इथं सांगायचं आहे. मोठं होणं म्हणतात ते माझं त्या वर्षी झालं, असं आता मागं वळून बघताना वाटतं.

घरातलं काही सुटलं नव्हतं. येरवाळी उठायचं, छावणीच्या बाजूनं बिगुलाचा आवाज यायच्या आत भाकरीचं पीठ मळून ठेवायचं. यांना गरम भाकरी लागते, सकाळचीसुद्धा. एका बाजूला तवा, दुसऱ्या बाजूला येसराची आमटी रटरटतेय, आणि ओट्यावर पुस्तक उघडं, त्याच्या पानांवर पिठाची बोटं. तोवर रस्त्यावर वेरूळकडं जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू व्हायची. हे पेपर घेऊन दारात बसायचे आणि मी निघाले की पेपर जरासा वर करायचे, म्हणजे मला त्यांचा चेहरा दिसू नये. विरोध असा कधी केला नाही त्यांनी. फक्त कॉलेज या गोष्टीबद्दल एक शब्दसुद्धा विचारायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घरात एखादा पाहुणा यावा आणि तो आपल्याला दिसलाच नाही असं वागावं, तसं.

वर्गात मी पहिल्या बाकावर बसायचे, कारण मागं बसलं की फळा दिसायचा नाही. माझ्या मागं सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं. ती बोलायची मराठीच, पण पहिला महिनाभर मला वाटायचं की मी चुकून दुसऱ्याच मुलखात उतरले आहे. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ एकाचाही ओळखीचा नाही. एक दिवस मी मुलीच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसून गेले, तर मागून एक पोरगी म्हणाली, “काकू, आज वाढीव दिसताय.” आमच्या घरात वाढीव म्हणजे वाढीव लाइटबिल, नाहीतर कणीक जास्त झाली तर ती वाढीव. मी मधल्या सुट्टीत जाऊन आरशात पदर बघितला, निऱ्या बघितल्या, पोटाकडं बघितलं. संध्याकाळी न राहवून यांना विचारलं. हे म्हणाले, काहीतरी जास्त झालं असंल, साधी साडी नेसत जा. दुसऱ्या दिवशी त्याच पोरीला गाठलं तेव्हा कळलं की वाढीव म्हणजे फार छान, नेहमीच्या मापात न बसणारं. मी घरी येऊन यांना काही बोलले नाही, पण ती साडी त्या आठवड्यात पुन्हा एकदा नेसले.

ती पोरगी म्हणजे आफरीन. तिच्या वडलांचं सिटी चौकाकडं शेरवान्या शिवायचं दुकान होतं. घरात सगळे दखनी बोलायचे, शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळं तिच्या तोंडात ‘हौ’ आणि ‘नक्को’ आणि ‘अर्थात’ आणि ‘वस्तुतः’ असे सगळे शब्द एकाच डब्यात कोंबलेले असायचे. व्याकरणात तर ती माझ्यापेक्षा पक्की. तिच्या डब्यात शुक्रवारी तहरी, म्हणजे त्यांचा मसालेभात, असायची, माझ्या डब्यात धपाटे, आणि आमची अदलाबदल ठरलेली. त्या अदलाबदलीत शब्दसुद्धा यायचे. ‘लाइट ले’ म्हणजे दिवा घे नाही, मनावर घेऊ नको. ‘सीन’ म्हणजे काहीही: काय सीन आहे म्हणजे काय चाललंय, सीन झाला म्हणजे भानगड झाली, आणि सीन नाही म्हणजे जमणार नाही. ‘सुमडीत’ म्हणजे कुणाला न सांगता. ‘पोपट झाला’ म्हणजे फजिती झाली. मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा सासूबाईंच्या रेडिओची गंमत लिहिली, तर तिनं उत्तर पाठवलं, ‘काकू मी मेले.’ मी हातातलं काम टाकून तिला फोन लावला. ती हसत होती. हसून हसून मरणं एवढंच ते होतं, पण माझ्या छातीतली धडधड दुपारपर्यंत गेली नाही.

मला त्या शब्दांची गोडीच लागली. खरं सांगायचं तर अभ्यासापेक्षा जास्त. आणि जसजसे ते कळायला लागले तसतसं एक लक्षात आलं की यातलं पुष्कळ मला आधीपासून माहीत होतं. पोरं ‘कल्ला’ म्हणायची, माझी आई ‘कालवा’ म्हणायची: कालवा करू नका रे, बाप झोपलाय. पोरं ‘लोचा’ म्हणायची, आमच्या गावात ‘जांगडगुत्ता’. मी तो शब्द एकदा सहज बोलून गेले तर सगळा मागचा बाक खूश झाला आणि पुढं कितीतरी दिवस ज्याचा त्याचा जांगडगुत्ता व्हायला लागला. आता हे लिहिताना हसू येतं, कारण परवाच माझ्या पुण्याच्या नातीसमोर मी मोठ्या ऐटीत ‘वाढीव’ म्हणाले, तर ती म्हणाली, आजी, हे आता कोणी म्हणत नाही. हे शब्द भाकरीसारखे असतात. गरम असतात तोवरच.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना माझं नाव आलं आणि मी आपलं नेहमीसारखं “व्हय” म्हणाले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. फार नाही, एकच जण. पण त्या दिवसापासून मी ‘येस मॅडम’ म्हणायला लागले, आणि त्याच्यानंतर वर्गात जवळजवळ काहीच बोलायची नाही. उत्तर येत असलं तरी. ‘इथं’ म्हणावं की ‘इथे’, ‘मला म्हायती’ म्हणावं की ‘माहीत आहे’, हे आतल्या आत जुळवेपर्यंत मॅडम पुढच्या प्रश्नावर गेलेल्या असायच्या. बाकावर, डबा खाताना मी मोकळी. मॅडम आत आल्या की माझ्या तोंडाला कुलूप.

ओंकार मागच्या बाकावरचा. उंच, काटकुळा, केस डोळ्यांवर. सगळे त्याला ओम्या म्हणायचे. तो बोलायचा तो सगळा याच भाषेत, दुसरं काही नाहीच. काही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘विषय हार्ड,’ म्हणजे एकदम भारी, नाहीतर एकदम अवघड. जेवण कसं होतं? ‘विषय हार्ड.’ पेपर कसा गेला? ‘डोक्याला शॉट.’ आणि कुणी कशाबद्दल काळजी केली की ‘लोड घेऊ नका.’ कॅन्टीनमध्ये चहासुद्धा नुसता “एक कडक” म्हणून मागायचा. मला वाटायचं, पोरगं चांगलं आहे पण जरा उडाणटप्पू आहे, सरळ बोलायचं म्हणून नाही.

तोही पडेगावलाच राहायचा, खोली करून. त्याचं गाव शेंद्र्याच्या पलीकडं, म्हणजे माझ्या माहेरच्याच वाटेवर, हे कळल्यापासून मला त्याच्याबद्दल जरा आपलेपणा वाटायला लागला होता. आमची परतीची बस एकच. तिथं मी एक गोष्ट बघितली. तो तिकीट काढायचा “एक मिटमिटा” म्हणून, आणि उतरायचा माझ्याबरोबर पडेगावला. मिटमिटा पुढं आहे, दौलताबादच्या रस्त्यावर. रोज पुढचं तिकीट आणि रोज अलीकडं उतरणं. मला कोड्यात राहवत नाही. एक दिवस विचारलंच की बाबा, हे काय. तो हसला आणि म्हणाला, “विषय खोल आहे, काकू.” मी तो खोल विषय घरी घेऊन आले आणि भाकऱ्या थापताना त्याच्यात उतरून बघत राहिले. राहण्याची जागा लपवतो का हा? कुणाला भेटायला पुढं जायचं असतं आणि धीर होत नाही का? काही म्हणजे काही पत्ता लागेना.

मग एका संध्याकाळी कंडक्टर नवीन होता. ओंकारनं मिटमिटा म्हटल्यावर तो म्हणाला, आज ही गाडी मिटमिट्याला जात नाही, कुठं उतरायचं ते नीट सांग. मी मागच्या सीटवर होते. मला ओंकारचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्याचे ओठ मिटले ते मिटलेच. मानेची शीर ताठ झाली, डोळे बंद झाले, पापण्या थरथरायला लागल्या, आणि आवाज काही येईना. कंडक्टर म्हणाला, बोल की लवकर, झोपलास काय. लोक वळून बघायला लागले. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “दोन पडेगाव द्या.” तिकिटं हातात आली. ओंकारनं मागं वळून बघितलं नाही. उतरल्यावर तो माझ्यापुढं लांब लांब पावलं टाकत निघून गेला.

त्याला ‘प’ निघत नव्हता. म्हणजे निघायचा, पण पाहिजे त्या वेळेला नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन नुसती बसून राहिले आणि मागचे सगळे दिवस आठवत राहिले. तो बसमध्ये आईशी फोनवर बोलताना फक्त ‘हां, हां’ का करायचा. कॅन्टीनमध्ये चहाशिवाय बाकी सगळं बोटानं का दाखवायचा. आणि ते सगळे शब्द, विषय हार्ड, डोक्याला शॉट, लोड घेऊ नका, ते तोंडात आधीच तयार असायचे, एका दमात, गुळगुळीत, कुठं न अडकता बाहेर पडणारे. ज्याला वाटेत खड्डे असतात तो ओळखीच्या दगडांवरच पाय ठेवून चालतो. मला वाटलं होतं पोरगं सरळ बोलत नाही. ते बिचारं जिथून बोलता येतं तिथून बोलत होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि मग तोंडी परीक्षा आली.

मराठीच्या आमच्या मॅडम तशा तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्याशा मोठ्या. मला सुमनताई म्हणायच्या. शिकवायच्या मनापासून, पण शिस्तीच्या कडक. वर्गात मोबाईल दिसला की जप्त, आणि उत्तर द्यायचं तर प्रमाण मराठीत. अंतर्गत गुणांसाठी त्या एकेकाला उभं करून विचारत होत्या. ओंकारला विचारलं, भाषा आणि बोली यांतला फरक सांग. तो उभा राहिला. मला बघायचं नव्हतं तरी मी वळून बघितलं. ओठ मिटले, पापण्या थरथरल्या. मग त्यानं श्वास सोडला आणि म्हणाला, “विषय हार्ड, मॅडम.” मागचा सगळा बाक मोठ्यानं हसला. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या की ही थट्टेची जागा नाही, नीट उत्तर दे. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झालं, आणि या वेळी तोंडातून निघालं, “लोड नका घेऊ.” पुन्हा हशा. मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला. त्याला बाहेर जायला सांगितलं, वडलांना घेऊन येईपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही आणि तोपर्यंत तोंडीचे गुणही नाहीत, असं सांगितलं. तो बॅग उचलून गेला, चेहऱ्यावर काही न दाखवता.

मला त्या पोरांचा राग आला. इतके दिवस ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ती अशी हसतात? मधल्या सुट्टीत मी आफरीनला बाजूला घेतलं आणि बसमधलं सगळं सांगितलं, म्हटलं, तो मुद्दाम नाही करत गं, त्याला बोलताना अडकतं, आणि तुम्ही हसता. तिनं आजूबाजूला बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, “आम्हाला माहितीय, काकू. सगळ्यांना. पहिल्या हफ्त्यापासून.”

ती सांगायला लागली. ओम्या अडकला की कुणीतरी मोठ्यानं हसायचं, नाहीतर ओरडायचं, नाहीतर ‘विषय हार्ड’ म्हणून टेबल वाजवायचं, म्हणजे तो अडकलेला कुणाला दिसत नाही आणि गंमत चालली आहे असं वाटतं. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप सुरू झालं होतं आणि सगळे करत होते. आज मॅडमसमोरही तेच केलं, आणि आज ते उलटं फिरलं. मी म्हणाले, मग मॅडमना जाऊन सांगू या. तिनं माझा हात धरला. “नक्को काकू. आपण नाय सांगायचं. त्याचं आहे, त्यानं सांगायचं.”

मी त्या हसण्याचा अर्थ साफ उलटा लावला होता. इतके शब्द शिकले होते मी, आणि हसणं कसं वाचायचं ते मला आलं नव्हतं.

ओंकार पुढं कॉलेजला यायचा बंद झाला. ग्रुपवर कुणी काही विचारलं तर अंगठा दाखवायचा, बस. पोरं आपापसात म्हणायला लागली की तो आता येत नाही, मामाच्या मोबाईलच्या दुकानात बसणार आहे. तेव्हा मी एका संध्याकाळी धपाटे केले, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि त्याच्या खोलीवर गेले. पिठाच्या गिरणीच्या माडीवर खोली होती त्याची. खालून पट्ट्याचा धडधडाट, जिन्याच्या पायऱ्यांवर पिठाचा पांढरा थर. दार उघडल्यावर तो गडबडला, चादर नीट केली, मला एकुलती एक खुर्ची दिली. गिरणीच्या आवाजात काही बोलता येत नव्हतं, म्हणून मी डबा उघडून पुढं ठेवला. तो खायला लागला. खाली दळण संपलं तेव्हा एकदम कानात शांतता भरली.

मी म्हणाले, कॉलेज का सोडतोस. तो सवयीनं “लोड…” म्हणाला आणि थांबला. माझ्यासमोर ते आता चालणार नाही हे त्याला कळलं असावं. मग तो बोलायला लागला. प्रत्येक वाक्यात कुठंतरी अडायचा, मान खाली घालायचा, पुन्हा सुरू करायचा. मी मध्ये शब्द द्यायचा नाही असं ठरवलं होतं, आणि ते फार अवघड गेलं. आईच्या जातीला दुसऱ्याच्या तोंडात घास आणि शब्द दोन्ही घालायची सवय असते. तो म्हणाला की शाळेत सगळे त्याला बिचारा म्हणायचे. मास्तर त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, पाहुणे आईला हळू आवाजात विचारायचे की दाखवलं का कुठं. इथं शहरात आल्यावर त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि त्यानं नवा ओम्या तयार केला.

“म… मॅडमला वाटतं मी माजलोय,” तो म्हणाला. “वाटू द्या. माजलेला म्हटलं तर चालतं, काकू. बिचारा म्हटलेलं नाय चालत.”

मी पण त्याच्याकडं बघून आत कुठंतरी बिचाराच म्हटलं होतं ना. मग मी त्याला माझी गोष्ट सांगितली. हजेरीतल्या ‘व्हय’ची. सांगितलं की मी वर्गात तोंड उघडत नाही ते काही येत नाही म्हणून नाही. तोंड उघडलं की करमाड बाहेर येतं म्हणून. तो खायचा थांबला. त्याला खरं वाटेना. म्हणाला, आम्हाला वाटायचं तुम्ही लई भाव खाता. मला हसू आलं. इकडं मी लाजेनं गप्प, आणि मागच्या बाकावर त्याचा अर्थ भाव खाणं.

उठताना मी त्याला म्हणाले, “तू ये. आधी मी बोलते, मला येतं तसं. पहिल्यांदा माझ्यावर हसू दे त्यांना.” त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. डबा धुऊन परत दिला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडं गेले. स्टाफरूममध्ये त्या एकट्या होत्या. मी म्हणाले, ओंकारची तोंडी पुन्हा घ्या, आणि त्याला वेळ जरा जास्त द्या. त्यांनी विचारलं, का? मी म्हणाले की ते मला सांगता येणार नाही, त्यालाच विचारा. त्यांनी हातातली वही मिटली. मला वाटलं रागावतात. पण त्या म्हणाल्या की त्यांनाही त्या दिवसापासून चैन नाही, पोराचे डोळे बंद झालेले त्यांनी बघितले होते, आणि थट्टा करणारा डोळे बंद कशाला करेल, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. वडलांना आणायची गरज नाही, पण माफी मागितली पाहिजे आणि उत्तर वर्गातच दिलं पाहिजे, असं म्हणाल्या. मी ओंकारला तसा निरोप दिला, आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर त्याचं लिहिलेलं आलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य: ‘उद्या कुणी मधे बोलू नका, हसू पण नका.’ खाली कुणी अंगठासुद्धा टाकला नाही.

तो आला. केस मागं केलेले. हजेरीला माझं नाव आलं तेव्हा मी “व्हय मॅडम” म्हणाले, चांगलं मोठ्यानं. मग मी मॅडमना म्हणाले, आधी मला विचारा, आणि मी भाषा आणि बोली यांतला फरक करमाडच्या बोलीत सांगितला. एक-दोघं हसली असतील. मला ऐकू आलं नाही. मग ओंकार उभा राहिला. आधी माफी मागितली, त्यालाच कितीतरी वेळ लागला. मॅडमनी त्याला पुस्तकातलं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “तू मला त्या दिवशी म्हणालास, लोड घेऊ नका. त्याचा अर्थ सांग. मला खरंच माहीत करून घ्यायचा आहे.”

तो बोलला. मी ते जसं आठवतं तसं लिहिते, मधल्या थांबण्याशिवाय, कारण थांबणं लिहिता येत नाही. लोड म्हणजे ओझं, तो म्हणाला. लोड घेऊ नका म्हणजे काळजी करू नका. आपण ते समोरच्याला म्हणतो. पण बघितलं तर ज्याच्या डोक्यावर लोड असतो तोच हे सगळ्यात जास्त म्हणतो. ‘म्हणतो’ या शब्दाच्या आधी तो इतका अडकला की खिडकीबाहेरच्या रिक्षावाल्याचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. मागच्या बाकावर आफरीननं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. कुणी हसलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही, कुणी टेबल वाजवलं नाही. तो शब्द त्याचा त्यानं काढला. मॅडम म्हणाल्या की त्यांना वाटलं होतं तो त्यांना उडवून लावतोय. ओंकार म्हणाला, “नाय मॅडम. मी माझ्यालाच म्हणत होतो.”

मॅडमनी मान हलवली आणि बस म्हणाल्या. टाळ्या वगैरे काही झालं नाही. गुणही त्याला काही फार पडले नाहीत, कारण पुस्तकातला फरक त्यानं सांगितलाच नव्हता. पास झाला. तिसऱ्या वर्षापर्यंत आमच्याबरोबर होता. त्याचं अडणं गेलं नाही, आजही गेलेलं नाही. मधे फोन आला होता त्याचा, तेव्हा ‘काकू’ म्हणायलाच त्यानं इतका वेळ घेतला की मी तोवर गॅस बंद करून आले. पण पूर्वी तो असा फोन करायचाच नाही.

त्या दिवशी तास संपल्यावर आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो आणि ओंकार बोलतच राहिला. काही महत्त्वाचं नाही. गावाकडच्या बैलाचं, गिरणीवाल्याच्या बायकोच्या रागाचं, शाळेतल्या कुठल्यातरी मॅचचं. एकेक वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागत होता आणि आम्ही सगळे बसून होतो. चहा गार झाला, आफरीनच्या घरून फोन आला, तिनं कट केला. मला घरी पोचायला अंधार पडला.

हे जेवायचे थांबले होते. सकाळच्या भाकऱ्या फडक्यात होत्या, आमटी त्यांनी स्वतः गरम करून ठेवली होती, जरा करपलेली. त्यांनी विचारलं, इतका उशीर का. मी म्हणाले, एक पोरगं बोलत होतं. “इतका वेळ?” मी म्हणाले, “व्हय. लई दिवसांचं साचलेलं होतं.” त्यांनी ताटं घेतली, पाणी ठेवलं, बसले. पहिला घास हातात धरून तसेच राहिले आणि म्हणाले, “कोणतं पोरगं? काय बोलत होतं?”

मी हात धुतले, माझं ताट पुढं ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला बसले.